तीन ठोक्यांचं इंजिन

माझी लेक नलू रांगायला लागल्यापासून मी जमिनीकडे बघतच चालते. चिंचोका, गुंडी, फुटलेल्या बांगडीचा तुकडा, तुरीचा दाणा, जे दिसेल ते उचलायचं आणि उंचावर ठेवायचं, हा माझा दिवसभराचा उद्योग. त्या वर्षी, म्हणजे ब्याऐंशी साली, पुलगावच्या आमच्या घरात माझ्या खांद्याच्या वर जेवढ्या फळ्या, कोनाडे आणि खुंट्या होत्या, तेवढ्या सगळ्या असल्या ऐवजाने भरून गेल्या होत्या. कुणाला साधी सुई हवी असली तरी आधी स्टूल शोधावं लागे. माझ्या सासूबाई आनंदाबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, त्या म्हणायच्या, "लेकरू खाली अन् सारं घर वरतं. आता आपुन बी माळ्यावर राह्याले जाऊ."

मला मात्र त्याचा अभिमान होता. आपल्या नजरेतून काही सुटत नाही, असं मी मनाशी धरून होते, आणि शेजारणींना सांगतही असे.

या नजरेला पुरून उरेल अशी घरात एकच वस्तू होती, ती म्हणजे मामाजींचं इंजिन.

मामाजी, म्हणजे माझे सासरे पुंडलिकराव, पुलगाव ते आर्वी या छोट्या लाइनवर वाफेच्या गाडीचे ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर दोन वर्षं खपून त्यांनी डालड्याच्या डब्यांच्या पत्र्यातून आपलं इंजिन बनवलं. हातभर लांब. पुढे धुराडं, मागे कोळशाचा डबा, खाली सागाची चाकं, पोटात बॅटरीवरची छोटी मोटर. अंगणात तुळशीभोवती लोखंडी पट्ट्यांचा गोल रूळ टाकला होता, त्यावर ते छान फिरायचं. पण मुकं होतं. आणि मामाजींना आवाजाचीच काळजी होती, कारण हे इंजिन ज्याच्यासाठी केलं होतं त्याला दिसत नव्हतं.

तो तानबा, त्यांचा फायरमन. वीस वर्षं दोघं एकाच इंजिनावर उभे राहिले. आता तानबा याच लाइनवरच्या विरूळला मुलाकडे असतो आणि त्याची दोन्ही डोळ्यांची नजर गेली आहे. मामाजी त्याला सांगून आले होते की तुला एकदा आपलं इंजिन ऐकवतो.

आधी यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मित्राचा टेपरेकॉर्डर आणला आणि स्टेशनवर जाऊन खरी गाडी सुटताना भरून घेतली. घरी इंजिन आणि टेप एकदमच चालू केले. टेपमधली गाडी सुटली, वेगात आली आणि विरूळच्या दिशेने निघून गेली, तेव्हा आमचं इंजिन नुकतंच तुळशीपाशी पोचलं होतं. दुसऱ्या खेपेला इंजिन रुळावरून घसरलं. चाकं वर करून आडवं पडलेलं, आणि टेपमधून भकभक चालूच, मध्येच चहावाल्याची आरोळीही. मामाजींनी टेप बंद केली. "तानबाले डोये नाईत, कान हायत," ते म्हणाले. "त्याले काय वाटन, म्या गाडी सोडून चहा प्याले गेलतो?"

मग त्यांनी आम्हाला समजावलं. इंजिनाचा भक हा चाकाशी बांधलेला असतो. दोन बाजूंना दोन पिस्टन, प्रत्येकाचा जाताना एक आणि येताना एक, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके. चाक हळू तर ठोके हळू, चाक थांबलं की ठोकाही थांबला पाहिजे. इथे माझी विद्या कामी आली. मी वर्ध्याच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले, आणि लग्नानंतर त्या पदवीने फ्यूज बदलण्यापलीकडे काही केलं नव्हतं. माझ्या लक्षात आलं की रेडिओचा काटा दोन स्टेशनांच्या मधे नेला की जी नुसती खरखर येते, ती थेट वाफेसारखी असते. माझा जुना ट्रान्झिस्टर आम्ही कोळशाच्या डब्यात बसवला. त्याच्या स्पीकरची तार मधे तोडून दोन टोकांना दोन पितळी पट्ट्या लावल्या. चाकाच्या आतल्या अंगाला चार स्क्रू. चाक फिरलं की एकेक स्क्रू दोन्ही पट्ट्यांना टेकतो, तेवढ्यापुरती तार जोडली जाते आणि तेवढ्यापुरतीच खरखर बाहेर पडते. भक. पुढचा स्क्रू, पुन्हा भक.

पहिल्यांदा ते चाललं तेव्हा मामाजी उकिडवे बसले होते. त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला, शिट्टीची दोरी जिथे असते तिथे, आणि तसाच हवेत राहिला. मग म्हणाले, "सूनबाईच्या डोस्क्यात वाफ हाय." चार वर्षांच्या संसारात माझी एवढी स्तुती कुणी केली नव्हती. मी ते वाक्य माहेरी पत्रात कळवलं.

आत्याबाईंनी त्याच दिवशी अट घातली. तीस वर्षं त्यांनी मामाजींच्या कपड्यांतला कोळसा धुतला होता, इंजिन या जातीवर त्यांचा विश्वास नव्हता. "एक सांगून ठेवतो," त्या म्हणाल्या. "ह्या डब्यापायी माह्या नातीच्या नखाले जरी लागलं, त त्या शनवारी ते हिरालालच्या गाड्यावर जाईन." हिरालाल हा आमच्या गल्लीत दर शनिवारी दुपारी येणारा भंगारवाला. मामाजींनी अट कबूल केली. सर्वांत जोरात मान मी हलवली, वर आणखी दोन अटी माझ्या पदरच्या घातल्या.

तानबाला रविवारी सकाळच्या गाडीने बोलावलं होतं. आधीच्या गुरुवारी संध्याकाळी मामाजींनी शेवटची चाचणी घेतली. तानबाला कसं ऐकू येईल ते कळावं म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले. इंजिन निघालं. भक, भक, भक, आणि मग काहीच नाही. पुन्हा तीन, पुन्हा खड्डा.

"लंगडून राह्यलं," मामाजी डोळे न उघडता म्हणाले. "एक ठोका गेला."

मी चाक तपासलं. तीन स्क्रू जागेवर, चौथ्याचं भोक रिकामं. आम्ही अंगण बघितलं, रूळ बघितला, तुळशीची माती चाळली. आणि नलू तिथेच बसून तोंड हलवत होती. मी तिच्या तोंडात बोट घातलं. झेंडूची पाकळी निघाली. दुसऱ्या कुणाचं समाधान झालं असतं. मी म्हणाले, झेंडू खाणारी मुलगी स्क्रू खाणार नाही कशावरून?

म्हणजे बघा, तिने स्क्रू गिळला असं पहिल्यांदा म्हणणारी मीच. माझ्याआधी कुणाच्या डोक्यातही ते आलं नव्हतं, नंतर मात्र कुणाच्या डोक्यातून जाईना.

त्याच संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, गिळताना कुणी पाहिलं का? मी सांगितलं की मी पाहिलं नाही, पण मी तिथे असते तर पाहिलंच असतं, तेव्हा अर्थात मी नसताना गिळला. मुलगी खेळते आहे, खाते आहे, तेव्हा घाबरू नका, केळी द्या, खिचडी द्या आणि शी नीट तपासा, असं त्यांनी सांगितलं. सोमवारपर्यंत नाही पडला तर वर्ध्याला जाऊन एक्सरे काढा.

तपासायचं काम मी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. नलूला वर्तमानपत्रावर बसवायचं आणि खराट्याच्या काडीने शोध घ्यायचा. कॉलेजच्या सवयीने मी एक वहीच घातली. वेळ, निरीक्षण, अनुमान. अनुमानाच्या रकान्यात सहा वेळा "नाही" लिहिलं. नलूने दोन दिवसांत अकरा केळी खाल्ली आणि बाराव्याला माझ्या हाताला चावली, तर मी तेही लिहून ठेवलं, पोटात दुखत असावं म्हणून.

मामाजींनी शुक्रवारी सकाळी इंजिनातली बॅटरी काढली. स्टेशनवर गेले आणि आर्वीच्या गाडीचे गार्ड प्रेमदास यांच्याकडे तानबासाठी निरोप दिला, की रविवारी येऊ नको. प्रेमदासांनी कारण विचारलं, तेव्हा तेही सांगितलं. आमच्या छोट्या लाइनवर गाडी सायकलच्या वेगाने जाते आणि प्रत्येक स्टेशनवर निवांत उभी राहते. त्यामुळे बातमीला भरपूर वेळ मिळतो. संध्याकाळी गाडी परतली तेव्हा रोहण्याहून ओवा भाजून द्यायचा सल्ला आला होता, आणि आर्वीहून कुणाच्या तरी मामेभावाने गिळलेल्या चिल्लरची सविस्तर हकिकत.

शनिवारी अकराच्या सुमारास शेजारच्या रुख्माबाई नलूला बघायला आल्या. बसल्या, हळहळल्या, आजकालच्या शिकलेल्या पोरींचं लक्ष कुठे असतं यावर भिंतीकडे बघून दोन वाक्यं बोलल्या. निघताना आत्याबाई म्हणाल्या, "सूनबाई, कुकू लाव त्याहिले."

मी स्वतः टिकली लावते, त्यामुळे देवाच्या फळीवरचा कुंकवाचा करंडा पाहुण्या बायका आल्यावरच खाली येतो. मी तो उघडला. कुंकवात स्क्रू होता.

आडवा, अर्धा बुडालेला, डोक्यावरची खाच लाल झालेली.

मी अंगठा त्याच्यावर दाबला, दुसऱ्या बोटाने कुंकू घेतलं आणि रुख्माबाईंच्या कपाळाला लावलं. घाईत टिळा भुवईपर्यंत गेला. त्यांना वाटलं, पोरीच्या काळजीने. माझ्या पाठीवरून हात फिरवून त्या गेल्या.

आणि मला सगळं आठवलं. गुरुवारी दुपारी इंजिनाशेजारून जाताना चाकाचा एक स्क्रू सैल दिसला होता. नलू तिकडेच येत होती. हा पडेल आणि ही खाईल, म्हणून मी तो नखाने फिरवून काढला. सर्वांत जवळचं उंच ठिकाण म्हणजे देवाची फळी, तिथला सर्वांत पक्क्या झाकणाचा डबा म्हणजे करंडा. मामाजींना सांगायचं ठरवलं, एवढ्यात नळाला पाणी आलं आणि मी घागर घेऊन धावले. दिवसाला पन्नास वस्तू वर ठेवणारा माझा हात, त्याने एक्कावन्नावी ठेवली, आणि मला विचारायचीसुद्धा तसदी घेतली नाही.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? करंडा घेऊन बाहेर यायचं आणि सांगायचं. मी करंडा बंद केला आणि विचार करत बसले. रुख्माबाईंना कळणार. डॉक्टरांना कळणार. माहेरी कळणार. "नजरेतून काही सुटत नाही" हे माझं वाक्य लोक मला वर्षानुवर्षं परत ऐकवणार. आणि मग मला एक उपाय सुचला, जो फक्त फिजिक्सवाल्या बाईलाच सुचू शकतो: निकाल माहीत असेल तर प्रयोग जुळवता येतो. कॉलेजात आम्ही सगळ्याच तसं करत होतो.

साडेबाराला नलूने आपलं काम केलं आणि मी माझं. मग मी ओरडले, "निघाला!"

घरात सण झाला. आत्याबाईंनी नलूची दृष्ट काढली आणि सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्याचा अर्थ त्यांनी आपल्या मनाने चांगला लावला. शनिवार म्हणून हे गिरणीच्या ऑफिसातून लवकर आले होते. त्यांनी स्क्रू नळाखाली धुतला, उजेडात धरला आणि म्हणाले, दोन दिवस पोटात राहून गंज कसा नाही? मी म्हणाले, स्टेनलेस आहे. हे कॉमर्सचे. त्यांनी मान हलवली.

अर्धा तास मी सुखात होते. मग कळलं की हिशेब चुकला. मला वाटलं होतं, स्क्रू सापडला की इंजिन सुटलं. पण इतका वेळ इंजिनावर नुसता संशय होता. पुरावा मी आता दिला होता.

गल्लीत हिरालालची हाक ऐकू आली. मामाजी उठले. आत्याबाईंना आठवण करून द्यावी लागली नाही, त्या तर उलट म्हणाल्या, राहू द्या आता, पोरगी बरी हाय. पण मामाजी म्हणाले, शब्द दिला होता. त्यांनी कापडात गुंडाळलेलं इंजिन दोन्ही हातांवर धरून बाहेर नेलं आणि गाड्यावर फुटक्या बादल्या नि कंदिलाच्या सांगाड्यांमध्ये ठेवलं. हिरालालने कापड बाजूला करून चाकाला बोट लावलं. चाक फिरलं. त्याने विचारलं, काका, चालते काय अजून?

"चालते," मामाजी म्हणाले. मग दाराकडे वळून मला म्हणाले, "सूनबाई, रेडू काहाडून घेतो का? तो तुहा होता. तुह्या कामी येईन."

ते जर रागावले असते, तर मी गप्प राहिले असते. माझी मला खात्री आहे.

"मामाजी, ते उतरवा खाली," मी म्हणाले. "स्क्रू नलूने गिळलाच नव्हता. मीच काढून करंड्यात ठेवला होता. आज सकाळी सापडला."

नलू यांच्या कडेवर बसून साखरेची बोटं चाटत होती. सर्वांत आधी आत्याबाईंना प्रश्न पडला.

"मंग मंघानी निंघाला तो?"

"तोच."

"म्हंजे तू तो..."

"हो."

हिरालालने तोंड फिरवून कंदील मोजायला घेतले, त्याचे खांदे हलत होते. आत्याबाई ओट्यावर बसल्या. "अकरा केळं," त्या म्हणाल्या. "माह्या नातीले दोन दिवसांत अकरा केळं चारले हिनं. अन् त्या कुकवाचं बोट तू रुखमीच्या कपायाले लावलं? मायबाई. बी.यस्शी. झाली म्हने." हे म्हणाले, "आणि स्टेनलेस," आणि आत निघून गेले. ते हसायला गेले की रागवायला, ते मला अजून कळलेलं नाही.

मामाजींनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांनी इंजिन गाड्यावरून उचललं, छातीशी धरलं आणि एवढंच विचारलं, "स्क्रू कुठी हाय?"

चाकूच्या टोकाने त्यांनी तो बसवला. खाचेतलं कुंकू निघालं नाही, ते तसंच राहू दिलं. बॅटरी घातली. आत्याबाईंनी तोंड दुसरीकडे वळवलं होतं, पण इंजिन निघाल्यावर त्यांचं बोट गुडघ्यावर ठोके मोजत होतं, ते मी पाहिलं. चार. पुन्हा चार. मामाजींनी मोटरचा वेग कमी केला, ठोके लांब लांब झाले, अगदी चढावर लागल्यासारखे.

"पण तानबा त येऊन नाई राह्यला उद्या," ते म्हणाले.

पाच वाजता आर्वीची गाडी होती. ती गेली की रविवार गेलाच. निरोप कोण नेणार हा प्रश्नच आत्याबाईंनी ठेवला नाही. "जिनं गियवला तिनंच सांगून याव," त्या म्हणाल्या, आणि नलूला माझ्या कडेवर दिलं. कारण पुराव्याला मुलगी बरोबर असलेली बरी.

गार्ड प्रेमदास फलाटावर झेंडी काखेत धरून उभे होते. मला बघून त्यांनी आधी नलूच्या पोटाकडे बघितलं. मी ठरवून गेले होते की फक्त "नलू बरी आहे, तानबांना उद्या यायला सांगा" एवढंच बोलायचं. बोलले. प्रेमदासांनी मान हलवली.

"सांगतो वहिनी. पण तो येनार नाई. काल म्या निरोप देल्ला तवा म्हने, लेकराच्या जिवावर उठलेलं इंजन मले आयकाचंच नाई. आता ते सुदरलं तरी नाई."

म्हणजे आता एकच गोष्ट उरली होती. मी फलाटावर उभी राहून सगळं सांगितलं. सैल स्क्रू, करंडा, नळाचं पाणी. वर्तमानपत्राच्या भागाशी आले तेव्हा आवाज खाली घेतला, तर ड्रायव्हरने इंजिनातून वाकून विचारलं, काय म्हने, काय म्हने? प्रेमदासांनी ते त्याला मोठ्याने सांगितलं. रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन जवळ आला, त्याला पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या डब्यातल्या एका आजीबाईंनी खिडकीतून हात काढून नलूची हनुवटी धरली आणि मला म्हणाल्या की बाई, लेकराले जप.

"हे सांगतलं तर येईन तो," प्रेमदास डोळे पुसत म्हणाले. "हे आयकाले त पायी येईन."

त्यांनी झेंडी दाखवली. शिट्टी झाली, पहिला ठोका बसला, आणि खरं सांगते, त्या गोंधळातही मी चाकाकडे बघून मोजलं. चारच होते. गाडी माझ्या फजितीसकट विरूळकडे निघाली. तिथून रोहणा, तिथून आर्वी. प्रत्येक ठिकाणी ती निवांत थांबणार होती. वेग एवढा कमी होता की नलूला कडेवर घेऊन मी गार्डच्या डब्याशेजारून चालू शकत होते, तशी चालले, आणि फलाट संपेपर्यंत प्रेमदासांना सांगत राहिले की तिथे एवढंही सांगा, करंडा वरच्या फळीवर होता, झाकण पक्कं होतं, आणि नलूचा हात काही झालं तरी तिथे पोचला नसता.